कोर्ट उठेपर्यंत

काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका तालुक्याच्या न्यायालयात मला दिवसभर बसावे लागले होते. काम क्षुल्लक होते. एका जुन्या अपघाताच्या खटल्यात साक्षीदार म्हणून समन्स आले होते आणि माझा पुकारा शेवटपर्यंत झालाच नाही. पण त्या दिवशी मागल्या बाकावर माझ्या शेजारी एक पन्नाशीची बाई येऊन बसली. तिचा खटला अकरा-साडेअकराच्या सुमारास पाच-सात मिनिटांत संपला होता. गावठी दारू बाळगल्याचा गुन्हा, प्लास्टिकची एक कॅन, दोन वर्षांपूर्वीचा पंचनामा. ‘गुन्हा कबूल आहे काय?’ या प्रश्नाला तिने मान हलवली. ‘तोंडाने सांगा,’ असे म्हटल्यावर ‘हाव’ म्हणाली. शिक्षा झाली ती कोर्ट उठेपर्यंत साधी कैद आणि दंड. दंडाचे पैसे सुनेने पदराची गाठ सोडून मोजून दिले. त्यानंतर ती बाई कोपऱ्यातल्या त्या बाकावर ‘कैदेत’ बसली. दुपारी कधीतरी तिने मला हळूच विचारले, ‘दादा, कोर्ट कवा उठते?’ पाच-साडेपाचला उठत असेल, असे मी सांगितले. ‘मंग शेवटची गाडी जाते नं,’ ती म्हणाली.

मी मराठीचा शिक्षक. कायद्याचा अभ्यास मी केलेला नाही. परंतु ‘कोर्ट उठेपर्यंत’ हा शब्दप्रयोग त्या दिवसापासून डोक्यातून गेला नाही. आपल्या भाषेतील दोन शिक्षा ‘पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययावर उभ्या आहेत. एक ‘मरेपर्यंत फाशी’ आणि दुसरी ही. पहिलीवर आपल्याकडे नाटके झाली, कविता झाल्या, व्याख्याने झाली. दुसरी जिल्ह्याच्या वृत्तपत्रात आतल्या पानावर चार ओळींत येते आणि जाते. बुलडाणा जिल्ह्यातील न्यायालयांत किती माणसे या दुसऱ्या शिक्षेला सामोरी गेली असतील याचा हिशेब मांडणे जवळपास अशक्य आहे, कारण किरकोळ खटल्यांचे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात. खुनाच्या खटल्याला दफ्तर असते. कॅनच्या खटल्याला ते फार दिवस नसते. म्हणजे ज्या न्यायाची गाठ सर्वांत जास्त लोकांशी पडते त्याच न्यायाचा इतिहास लिहायला साधन उरत नाही. उरतात ते कायद्याचे ग्रंथ, वरिष्ठ न्यायालयांचे निकाल आणि माणसांच्या आठवणी. त्यांच्याच आधाराने काही मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम या शिक्षेच्या व्याकरणाकडे पाहू. ‘कोर्ट उठेपर्यंत कैद’ असा स्वतंत्र शिक्षाप्रकार भारतीय दंडसंहितेच्या शिक्षांच्या यादीत कधीच नव्हता. यादीत कैद होती, आणि कैदेला सर्वसाधारणपणे कमाल मर्यादा सांगितलेली असे, किमान नव्हे. त्या मोकळ्या जागेतून एका दिवसाची, किंबहुना एका दुपारची कैद जन्माला आली. मग मुळात कैदच का द्यायची, नुसता दंड का नाही? याचे उत्तर एका उभयान्वयी अव्ययात आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील कलम ६६ हे दारू बाळगणे, पिणे, वाहून नेणे यांचे कलम. त्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद ‘आणि’ एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. ‘किंवा’ नव्हे, ‘आणि’. दोन्ही देणे भाग. शिवाय पुढे एक परंतुक होते. निकालपत्रात विशेष आणि पुरेशी कारणे नमूद केली नसतील, तर कैद तीन महिन्यांपेक्षा कमी आणि दंड पाचशे रुपयांपेक्षा कमी असू नये. पुढे दुरुस्त्यांनी आकडे बदलत गेले, पण सांगाडा ओळखीचा राहिला.

आता १९६० च्या सुमाराचा एखादा तरुण न्यायदंडाधिकारी डोळ्यांसमोर आणा. समोर एक शेतमजूर उभा आहे. त्याच्याजवळ दोन बाटल्या सापडल्या. कायदा म्हणतो, तीन महिने. तीन महिने म्हणजे एक हंगाम. कापूस वेचायच्या दिवसांत हा माणूस आत गेला, तर घर वर्षभर उठत नाही. अशा वेळी न्यायाधीशाच्या हाती एकच वाट उरते, ती म्हणजे ‘विशेष आणि पुरेशी कारणे’. पहिलाच गुन्हा आहे, गुन्हा कबूल केला आहे, माल थोडा आहे, घरातील एकटा कमावता आहे, आरोपी स्त्री आहे, पदरात लहान मूल आहे. कायद्याला अपवाद म्हणून अपेक्षित असलेली ही कारणे व्यवहारात नियम होऊन बसली. जवळपास प्रत्येक आरोपीच्या बाबतीत ती खरीच होती! गरिबी हे ‘विशेष’ कारण मानावे, तर या न्यायालयांत विशेष नसलेला माणूस शोधावा लागला असता. विधिमंडळाने मुंबईत बसून लिहिलेली कठोरता तालुक्याच्या खुर्चीत अशी एकेका वाक्याने झिजत गेली. मला या झिजण्यात एक प्रकारची करुणा दिसते. तिची दुसरी बाजूही आहे, तिच्याकडे पुढे येतो.

हा मुंबईचा कायदा बुलडाण्याला आला कसा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी ६ एप्रिल १९५० रोजी सुरू झाली, तेव्हा बुलडाणा मुंबई राज्यात नव्हताच. वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेला. स्वातंत्र्यानंतर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात. येथे १९१५ चा मध्य प्रांताचा अबकारी कायदा होता आणि काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात झालेला मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९३८ चा दारूबंदी कायदा होता, जो सुरुवातीला निवडक भागांपुरता अमलात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या बाराव्या अधिनियमाने मुंबईचा दारूबंदी कायदा राज्याच्या उरलेल्या भागांवर पसरला. म्हणजे आजचे आजोबा तरुण होते तोवर या जिल्ह्याने तीन निरनिराळ्या राज्यांचे दारूविषयक कायदे पाहिले होते. मडके तेच, मोहाची फुले तीच, फक्त गुन्ह्याचे नाव बदलत होते.

गुन्ह्याचे नाव बदलत होते, असे मी म्हणतो ते जरा उलगडून सांगायला हवे. इंग्रजी अमलात घरी दारू गाळणे हा नीतीचा गुन्हा नव्हता, तो महसुलाचा गुन्हा होता. सरकारने गुत्त्याचा मक्ता लिलावाने दिलेला असे. घरची भट्टी पेटली की मक्तेदाराचे गिऱ्हाईक तुटे आणि सरकारचा कर बुडे. १९१० सालच्या बुलडाणा जिल्ह्याच्या गॅझेटियरच्या काळात अबकारी ही सरकारी उत्पन्नाची बाब होती, रोगाची किंवा पापाची नव्हे. शिक्षाही त्याच हिशेबाची. तहसीलदार हाच दंडाधिकारी असे. १८९८ च्या फौजदारी संहितेप्रमाणे द्वितीय वर्गाच्या दंडाधिकाऱ्याला सहा महिने कैद व दोनशे रुपये दंड, तर तृतीय वर्गाच्या दंडाधिकाऱ्याला एक महिना व पन्नास रुपये एवढे अधिकार होते. जो शेतसारा वसूल करी तोच अबकारीचा दंड करी. सकाळी वसुली आणि दुपारी न्याय, आणि दोन्हींचा शिक्का एक. न्यायखाते व कारभारखाते यांची फारकत पुढे टप्प्याटप्प्याने होत गेली आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तालुक्याला न्यायिक दंडाधिकारी कायमचा मिळाला. तोवर ‘तहसीलीत शिक्षा झाली’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी रुळून गेला होता.

सरकार स्वतःच दारू विकते आणि स्वतःच चोरट्या दारूला शिक्षा करते, हा विरोध आपल्याकडे फार लवकर काही लोकांच्या ध्यानात आला होता. जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरात दारूची दुकाने वाढवण्यास हरकत घेतली होती. दुकाने वाढवायची आणि पिणाऱ्याला दोष द्यायचा, हे त्यांना मान्य नव्हते. आणि याच सुमारास खुद्द बुलडाण्यात एक बाई लिहायला बसली होती. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले, हे आपण वर्गात शिकवतो. त्याचे निमित्त मात्र आपण घाईने ओलांडतो. सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि ती अपिलात सौम्य झाली. या निकालावर वृत्तपत्रांनी स्त्रीजातीबद्दल जे लिहिले त्याचा संताप म्हणजे ते पुस्तक. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत मुख्य लेखनिक होते. म्हणजे शिक्षा, हुकूम, दफ्तर या गोष्टी त्या घराला परक्या नव्हत्या. शिक्षा एका बाईला झाली तर तिच्यामागचा पुरुष कुठे आहे, असा प्रश्न मराठीत इतक्या रोखठोकपणे विचारणारे पहिले पुस्तक या जिल्ह्यातून आले. त्या बाकावरच्या बाईकडे पाहताना हा प्रश्न मला नव्याने आठवला. कॅन कोणी भरली, कोणी विकत घेतली, छाप्याच्या वेळी कोण पळाले आणि कोण सापडले?

कायद्याच्या ग्रंथांत मात्र ती बाई नाही. तेथे दारूबंदीचा इतिहास वेगळ्याच माणसांनी घडवला आहे. फ. न. बलसारा हे मुंबईचे गृहस्थ. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन आणि यू-डी-कोलोन बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क मान्य व्हावा म्हणून ते न्यायालयात गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा मोठ्या प्रमाणात उचलून धरला, पण औषधे आणि प्रसाधने यांच्यावरील बंदीची कलमे रद्द ठरवली. लगेच त्याचा फायदा दिसला. बेहराम खुर्शीद पेसिकाका हे मुंबईतील वाहतूक खात्याचे अधिकारी. १९५१ मध्ये कुलाब्याला त्यांच्या जीपचा अपघात झाला, तोंडाला दारूचा वास आला, आणि आपण अल्कोहोल असलेले औषध घेतले होते असा त्यांचा बचाव होता. खालच्या न्यायालयात ते सुटले; उच्च न्यायालयाने एक महिना सश्रम कैद व पाचशे रुपये दंड केला; १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. घेतलेली दारू ही बंदी असलेलीच दारू होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षाची आहे, असा त्या निकालाचा गाभा. तत्त्व उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण तोंडाच्या वासाला औषधाचे नाव देण्याइतकी समज आणि ते दिल्लीपर्यंत नेण्याइतका पैसा मोताळा किंवा संग्रामपूरच्या शेतमजुराजवळ कोठून येणार?

सरकारने या निकालाला उत्तर दिले ते १९५९ मध्ये, आणि गंमत अशी की ज्या अधिनियमाने मुंबईचा कायदा विदर्भात आणला त्याच अधिनियमाने हे उत्तरही आणले. कलम ६६ ला दुसरे पोटकलम जोडले गेले. रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण ०.०५ टक्क्यांपेक्षा कमी नसेल, तर घेतलेली दारू औषधी होती हे आता आरोपीने सिद्ध करायचे. कलम १२९अ आणि १२९ब यांनी वैद्यकीय तपासणीची व रक्त घेण्याची पद्धत घालून दिली. त्या वर्षीचे नियम वाचण्यासारखे आहेत. पिचकारी पाण्यात उकळून निर्जंतुक करावी, त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसावी, रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ देऊ नये, शिरेतून किमान पाच घन सेंटिमीटर रक्त घ्यावे, ते परिरक्षक घातलेल्या कुपीत भरून कुपी हलवावी, चिठ्ठी लावून मोहर करावी आणि सात दिवसांच्या आत पाठवावे. १९५९ सालच्या एखाद्या ग्रामीण दवाखान्यात हे सारे करणारा डॉक्टर किती ठिकाणी असेल? बचावाच्या वकिलांना मात्र या नियमांची एकेक ओळ म्हणजे एकेक दार होते. कुपी हलवली का, मोहर कोणाची, आठवा दिवस तर नव्हता? आपल्या शेजारच्या खानदेशातून गेलेल्या उखा कोल्हे यांच्या खटल्यात १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हाच प्रश्न सोडवावा लागला. १२९अ च्या चौकटीबाहेर डॉक्टरने घेतलेल्या रक्ताचा पुरावा तेवढ्यामुळे बाद होत नाही, असे बहुमताने ठरले. पुढे १९७१ मध्ये बचुभाई कर्याणी यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, नुसता वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे यांवरून माणूस प्यायला होता असे खात्रीने म्हणता येत नाही. रक्त तपासायला हवे होते.

हे निकाल आपल्या न्यायव्यवस्थेचे भूषण आहेत. पण इतिहास म्हणून ते एकांगी आहेत, हे विसरता कामा नये. संशयाचा फायदा मिळण्यासाठी आधी खटला चालवावा लागतो, आणि खटला चालवायला तारखा परवडाव्या लागतात. जळगाव जामोदच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून एका तारखेला यायचे म्हणजे एक मजुरी बुडते, गाडीभाडे जाते, वकिलाची फी वेगळी. तीन तारखांच्या खर्चात एक दंड भरून होतो. ‘कबूल करून मोकळी हो’ हा सल्ला मग फितुरीचा राहत नाही, तो हिशेबाचा होतो. असे खटले लढवले गेले तर पुष्कळदा सुटतात, हेही साऱ्यांना ठाऊक असते. पंच नेहमीचेच असतात किंवा ऐनवेळी फिरतात, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आलेला नसतो, मुद्देमालाची मोहर जुळत नाही. जो लढला तो सुटला आणि जो थकला त्याला शिक्षा झाली. या कबुलीत सत्य किती आणि थकवा किती, हे निकालपत्रातून कळत नाही.

भाषेच्या अभ्यासकाने या कागदांकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. दारूबंदीच्या पंचनाम्याने स्वतःची एक बोली घडवली आहे. ‘बातमी मिळाल्यावरून’, ‘पंचांसमक्ष’, ‘विनापास विनापरवाना’, ‘आपल्या कब्जात बाळगताना मिळून आला’, ‘उग्र वास येत असलेली’, ‘मोहा सडवा’, ‘जागीच नष्ट केला’. गाव बदलते, साल बदलते, आरोपी बदलतो. वाक्ये बदलत नाहीत. महानुभावांच्या गद्यापासून बखरीपर्यंत ठरावीक साच्यांचे सौंदर्य आपण शिकवतो. या साच्यात सौंदर्य नाही, पण सत्ता आहे. पंचनाम्यात एकदा ‘मिळून आली’ असे लिहिले गेले की त्या बाईने स्वतः सांगितलेली एकही गोष्ट पुढे कोठे येत नाही. तिचे त्या साऱ्या कागदांतील स्वतःचे असे एकच वाक्य असते, ते म्हणजे ‘गुन्हा कबूल आहे’. आणि तेही लिहिणाऱ्याच्या प्रमाण मराठीत. ती ‘हाव’ म्हणाली होती.

त्या ‘हाव’ची किंमत त्या दिवशी कळत नाही, हीच या शिक्षेची दुसरी बाजू. कोर्ट उठेपर्यंतची कैदही कायद्याच्या नजरेत कैदच असते. ती दोषसिद्धी म्हणून नोंदली जाते. दुसऱ्या वेळी कलमातील शिक्षा वाढते. वारंवार पकडल्या जाणाऱ्यांना दारूबंदी कायद्याच्या कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली जाते. मुंबई पोलीस कायद्याखाली हद्दपारीची वाट आहे. १९८१ मध्ये महाराष्ट्राने स्थानबद्धतेचा जो कायदा केला त्याच्या नावातच झोपडपट्टीदादांच्या शेजारी ‘हातभट्टीवाले’ हा शब्द बसला. एका बोलभाषेतील शब्दाला थेट अधिनियमाच्या शीर्षकात जागा मिळाल्याची अशी उदाहरणे थोडी असतील! आणि दंड? दंड भरता आला नाही, तर त्याबदली कैद भोगावी लागते. ज्या गुन्ह्याला कैद व दंड दोन्ही आहेत, त्यात ही बदली कैद मूळ कैदेच्या कमाल मुदतीच्या एक चतुर्थांशापर्यंत जाऊ शकते. सहा महिन्यांचा चौथा हिस्सा दीड महिना होतो. म्हणजे न्यायाधीशाने दयेने दिलेली शिक्षा साडेपाचला संपते. तिच्या पोटात गरिबीची शिक्षा असते ती दीड महिना चालू शकते. त्या दिवशी सुनेच्या पदराला गाठ नसती तर काय झाले असते, याचे उत्तर हे आहे.

ही माणसे कोण आहेत, हेही बोलायला हवे. सातपुड्याच्या बाजूला कोरकू, निहाल, भिलाला यांच्या घरी मोह हे झाड अन्नाचे, औषधाचे, देवाचे आणि दारूचे आहे. यांपैकी चौथी गोष्ट तेवढी कायद्याला दिसली. फुले साठवण्यावरही कायद्याची नजर राहिली. ते निर्बंध शासनाने सैल केले ते थेट २०२१ मध्ये. घाटावर आणि घाटाखालीही पारध्यांच्या वस्त्या आहेत. १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या शिक्क्यातून मोकळ्या झाल्या. पण दारूबंदीचा कडक अंमल आणि ही मुक्ती साधारण एकाच दशकातील. जुना शिक्का पुसला जात होता तेव्हाच वस्तीवर जायला पोलिसांना नवे कलम मिळाले. शिकार गेली, जमीन नव्हती, मजुरीला कोणी घेत नव्हते, भट्टी लागली. भट्टी लागली म्हणून छापा पडला, छापा पडला म्हणून संशय खरा ठरला. हे वर्तुळ कोणत्याही निकालपत्रात ‘विशेष आणि पुरेसे कारण’ म्हणून लिहिलेले मी पाहिलेले नाही.

मराठी साहित्याने या इतिहासाचे काय केले? आपल्या दारूवरच्या सर्वांत मोठ्या नाटकातील घसरण एका न्यायालयात सुरू होते, याकडे आपले लक्ष कमी जाते. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मधील सुधाकर वकील आहे. भर न्यायालयातील अपमानाच्या प्रसंगातून त्याची सनद काही महिन्यांसाठी जाते आणि प्याला हाती येतो. गडकऱ्यांनी दारू आणि न्यायालय यांचे नाते ओळखले होते, पण ते पिणाऱ्याच्या अहंकाराच्या बाजूने. सुधाकरला दारू कोण पुरवतो? तळीराम. त्या तळीरामाच्या पलीकडे, भट्टीपाशी कोण बसले आहे, हे नाटकाला दिसत नाही. १९१९ मध्ये दिसायचे कारणही नव्हते. त्यानंतरच्या साहित्यात दारूड्या नवरा आला, त्याची बायको आली, तिचा मार आणि तिचे मोडलेले मंगळसूत्र आले. ते यायलाच हवे होते. पण गाळणारी, विकणारी, तारखेला येणारी, ‘हाव’ म्हणणारी बाई आली ती बहुधा खलपात्राच्या जवळपास. बुलडाणा जिल्ह्याला एक कवी-वकील लाभला होता. ना. घ. देशपांडे १९०९ मध्ये सिंदखेडराजाला जन्मले, मेहकरला त्यांनी वकिली केली आणि ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेची प्रकृती वेगळी. तिच्याकडून कज्जे-खटल्यांची अपेक्षा करणे चुकीचे. मात्र कोर्ट आणि कविता यांच्यामध्ये रोज जा-ये करणारा माणूस या जिल्ह्यात होता, आणि तरीही तालुक्याच्या न्यायालयाची दुपार मराठीत फारशी उमटली नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की लेखक दारू विकणाऱ्यांची वकिली करतो आहे. तसे नाही. माझ्याच गावात बायकांनी भट्ट्या फोडताना मी पाहिल्या आहेत, आणि ज्या बायकांनी त्या फोडल्या त्यांच्या बाजूने मी तेव्हा होतो, आजही आहे. २००८ पासून गावातील महिलांना मतदानाने परवान्याचे दुकान बंद पाडता येते, ‘आडवी बाटली’ हा शब्द त्यातूनच घरोघर पोचला. कॅन लहान असली तरी गुन्हा नेहमी लहान असतोच असे नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ज्या बाईचा नवरा रोज पिऊन येतो तिला ‘कोर्ट उठेपर्यंत’ ही शिक्षा म्हणजे थट्टा वाटते, आणि तिचे वाटणे खोटे नाही. सकाळी शिक्षा, संध्याकाळी पुन्हा भट्टी. अडचण अशी की त्या दोघी एकाच आळीत राहतात, कधी एकाच घरात. आणि तिसरा, ज्याच्याकडे परवाना आहे, तो या आळीत राहत नाही. महाराष्ट्रात १९६० च्या दशकापासून दारूबंदी सैल होत गेली, १९७३ च्या नियमांनी देशी दारूची दुकाने अधिकृत झाली, आणि दारूचे उत्पन्न पुन्हा राज्याच्या तिजोरीत येऊ लागले. कायदा तोच राहिला. नाव तेवढे ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ झाले. आजही परवाना दिला जातो तो ‘आरोग्य राखण्यासाठी’ असे म्हणूनच. म्हणजे एक माणूस दारू पितो ती प्रकृतीसाठी आणि दुसरा पितो तो गुन्हा. १९१० चा महसुलाचा हिशेब १९४९ च्या नीतीच्या भाषेत लिहिला जाऊ लागला, एवढाच काय तो फरक.

शिक्षेच्या भाषेत अलीकडे एक नवा शब्द आला आहे. जुन्या दंडसंहितेत कलम ५१० होते. सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन केल्यास चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड. १८६० मधील ते दहा रुपये १ जुलै २०२४ पर्यंत दहाच राहिले! त्या दिवसापासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्ये ते एक हजार झाले आणि पर्याय म्हणून समाजसेवेची शिक्षा आली. हे कलम पिऊन गोंधळ घालणाऱ्यासाठी आहे. कॅन बाळगणारीला दारूबंदी अधिनियमच लागतो, तिच्यासाठी ही नवी वाट नाही. झाडलोट करून शिक्षा फेडायची सोय पिणाऱ्याला मिळाली. विकणारीने मात्र दंडच मोजायचा.

त्या दिवशी न्यायाधीश सव्वापाचला उठले. सगळे उभे राहिले, ती बाईही राहिली. ते आत गेल्यावर शिपायाने पंखे बंद करायला सुरुवात केली. ती तशीच उभी. तिला कोणी ‘जा’ म्हटले नव्हते. शेवटी शिपाईच म्हणाला, ‘मावशी, झालं तुमचं.’ सुनेने पिशवी उचलली आणि दोघी स्टँडच्या दिशेने झपाझप निघाल्या.